पगाऱ्यांची बांबूची बस

सावळीराम पगारे लग्नाला गेले, की आधी मांडवाकडे न बघता रस्त्याकडे बघत. "इथं बस वळणार कशी?" हा त्यांचा पहिला प्रश्न. शहर बसच्या डेपोत त्यांची ड्रायव्हर म्हणून बावीस वर्षे झाली होती. बस पुढे काय कोणीही नेतो, ती वळवणे हेच खरे काम, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्या पत्नी लताबाई सगळ्यांना सांगत, "आमच्या लग्नात हार घालायच्या आधीसुद्धा ह्यांनी मागं वळून पाहिलं होतं. वऱ्हाडाची गाडी निघेल ना म्हणून!"

१९९७ साली पाथर्डी फाट्याच्या पुढे द्राक्षबागा मोडून प्लॉट पडू लागले. वाल्मीकशेठ नावाच्या बिल्डरने डेपोतल्या बारा जणांना एकगठ्ठा प्लॉट दिले. सावळीरामांनी रस्त्याच्या टोकाचा सतरा नंबर पसंत केला आणि कागदावर घरही काढले. सैपाकघर दर्शनी कोपऱ्यात, कारण लताबाईंना काम करताना येणारे-जाणारे दिसायला हवेत.

लताबाईंनी तो कागद पाहिला आणि घडी घालून परत दिला. त्या सरकारी दवाखान्यात आया होत्या. सकाळी सातची ड्यूटी, आणि गुडघे कुरकुरणारे.

"फाट्यापासून आत दीड किलोमीटर," त्या म्हणाल्या. "बस दारात आली तर मी येईन. नाही आली, तर तुम्ही राहा बंगल्यात. मी आपली आहे त्या खोलीत सुखी."

लताबाई फारसे बोलत नसत, पण बोलल्या की ते बदलत नसे. सावळीरामांना हे पक्के ठाऊक होते. डेपोचा नियमही त्यांना ठाऊक होता. जिथे रिव्हर्स घ्यावा लागतो, त्या कॉलनीत बस शिरत नाही. आणि शेठच्या नकाशात रस्ता सरळ जाऊन भिंतीला भिडत होता.

ते शेठच्या ऑफिसात गेले.

"पगारे, दहा वर्षांत दारोदार मारुती उभी असेल," वाल्मीकशेठ हसले. "म्हणून तर मी प्रत्येक प्लॉटला पार्किंग दाखवलंय."

"असेल ना शेठ. आणि सगळ्या मारुत्या फाट्यावर एकमेकींच्या मागं उभ्या असतील. ज्यांच्याकडं नसेल, त्यांनी काय उडत जायचं?" सावळीरामांनी नकाशाच्या टोकावर बोट ठेवले. "मोकळी जागा तुम्हाला सोडावीच लागते. ती चौकोनी सोडताय, गोल सोडा. मध्ये लिंब लावा, भोवतीनं बस फिरेल."

"ही कॉलनी आहे का रेसकोर्स?" शेठ म्हणाले. पण माणूस दिलदार होता. "नकाशा मंगळवारी पालिकेत जातोय. रविवारी जागेवर दाखवा. बसलं, तर करू."

रविवारी सकाळी सावळीरामांनी फक्कीने जमिनीवर गोल आखला. रोज स्टेअरिंगवर बसून बस जशी वळे, तसा डोळे मिटून ते चालले आणि मागे पांढरी रेघ पडत गेली. शेठची खात्री पटावी म्हणून मांडववाल्याकडून बांबू आणले होते. छत्तीस फूट लांब आणि आठ फूट रुंद चौकट बांधली आणि डेपोतल्या बारा जणांनी ती उचलली. सावळीराम ड्रायव्हरच्या जागी, हातात लताबाईंची परात. मागे डाव्या कोपऱ्यात कंडक्टर भिकन. तो मालेगावकडचा, अहिराणी बोलणारा. त्याने खिशातली घंटी वाजवली.

"चला, फाटा, फाटा! आतमध्ये सरका!"

बांबूची बस निघाली. सावळीराम परात फिरवत बरोबर रेघेवरून चालले होते. लताबाई डबा घेऊन सतरा नंबरात, सैपाकघराच्या कोपऱ्यात, एका दगडावर बसल्या होत्या. अर्धे वळण झाले आणि मागून भिकनचा आवाज आला.

"भाऊ, थांब! मी वहिनीना सैपाकघरमा शे!"

सगळे थांबले. डावा बांबू लताबाईंच्या डोक्यावरून पुढे गेला होता.

"वहिनी, भाजी काय शे आज?" भिकनने विचारले.

"तुमची बसच माझ्या चुलीवर आली, आता भाजी कसली!" लताबाई म्हणाल्या.

सावळीरामांच्या लक्षात आले आणि परात खाली आली. त्यांनी रेघ आखली होती ती स्वतःच्या बुडाखालची. ड्रायव्हर बसतो उजवीकडे, म्हणजे वळणाच्या आतल्या अंगाला. बसचे सगळे डावे अंग रेघेच्या बाहेर राहिले होते. नव्या पोरांना ते कायम हेच शिकवत आले होते, की बस तुझ्याएवढी नाही.

"गोल पलीकडे सरकवा," भिकन म्हणाला.

"पलीकडे विहीर आहे," शेठ म्हणाले. "सतराचा कोपरा द्यावा लागेल, पगारे. तेवढी जागा मी मागं वाढवून देतो. पण घर तुमचं आहे, तुम्ही ठरवा."

कोपरा दिला तर सैपाकघर जाणार, आणि नाही दिला तर लताबाईच येणार नाहीत. त्यांनी पायाने रेघ पुसायला सुरुवात केली.

"अहो, पुसताय काय?" लताबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. काटकी घेऊन त्यांनी चार हात मागे एक चौकोन ओढला. "सैपाकघर इथं. खिडकी रस्त्याकडंच." मग शेठकडे वळल्या. "पण कोपरा फुकट नाही हं, दादा. बसथांबा तिथंच पाहिजे. आणि शेजारी सायकली लावायला शेड. आतल्या गल्लीतल्या बाया थांब्यापर्यंत कशा येणार?"

"पगारे," शेठ म्हणाले, "यापुढे नकाशा वहिनींना दाखवत जाऊ."

मंगळवारी नकाशा गोल घेऊन पालिकेत गेला. पुढे आजूबाजूचे बिल्डरही ते बांबू मागून नेऊ लागले. सावळीराम त्यांना एकच सांगत, "रेघ डाव्या अंगाची मारा."

घरे उठायला दोन वर्षे लागली. १९९९च्या डिसेंबरात सकाळी सहा-दहाला पहिली बस कॉलनीत आली. गाडीवर सावळीराम, घंटीवर भिकन. कोपरा कापलेल्या घरासमोर लताबाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. शेडमध्ये तीन सायकली लागलेल्या होत्या.

"आलात ना राहायला?" सावळीरामांनी खिडकीतून विचारले, जणू रात्री सामान दुसऱ्याच कोणी लावले होते.

"आधी वळवा," लताबाई चढत म्हणाल्या. "मग बघू."

भिकनने दोनदा घंटी दिली. बस कोवळ्या लिंबाभोवती फिरली. रिव्हर्स घ्यावा लागला नाही. सावळीरामांची नजर सगळा वेळ डाव्या आरशात होती. त्यात सैपाकघराची खिडकी आली, बसपासून चांगली चार हात लांब, आणि शाबूत.