गौरीचं कुणाला कळू नये म्हणून

काय सांगू बायांनो, सासरी माझी ख्याती दोनच गोष्टींची: शिकलेली आहे आणि कमी बोलते. दोन्ही एकाच दिवशी धुळीला मिळाल्या!

थोरल्या जाऊबाईंची, म्हणजे आक्कांची, गौरी आता पहिलीत आहे. लहानपणी तापात तिला फिट आली होती, तेव्हा सांगलीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. परवा तिथून आक्कांच्या मोबाईलवर निरोप आला. मुलांच्या जुन्या केसपेपरवरून संशोधन करायचं आहे. तुमच्या मुलीची माहिती वापरायला नको असेल, तर शनिवारपर्यंत कळवा.

आक्का हबकल्या. "फिट म्हटलं की लोक लय बोलत्यात गं. उद्या पोरीची सोयरीक कशी जमायची? आता काय करायचं?"

"काही नाही करायचं," मी शहाणी म्हणाले. "उत्तरच देऊ नका."

आता यात माझं काय चुकलं? साताऱ्याला माझ्या माहेरी तोंडावर 'नको' म्हणायची पद्धतच नाही. स्थळ पसंत नसलं की आम्ही निरोपच धाडत नाही. समोरचे काय ते समजतात!

शनिवारी सकाळी नवऱ्यानं निरोप वाचला. "अगं, जे कळवणार नाहीत त्यांची संमती गृहीत धरणार, असं लिहिलंय की खाली!"

खाली! इतकं खालपर्यंत कोण वाचतं हो?

तासगावहून एसटी धरून आम्ही दोघी धापा टाकत सांगलीत. दवाखान्यात ही गर्दी, पोरांची रडारड. खिडकीतल्या बाईंना माझं ऐकूच जाईना.

"मोठ्यानं बोला हो!"

मी जन्मात मोठ्यानं बोललेली नाही. पण मागून आक्का कोपरानं ढोसत होत्या. शेवटी डोळे मिटले आणि ओरडले, "आमच्या तासगावच्या गौरीला फिट आली होती, ते कुणाला कळता कामा नये!"

सगळा हॉल चिडीचूप. पोरंसुद्धा!

बाकावरून आमच्या शेजारच्या मंगलकाकू नातवाला घेऊन उठल्या. "आपल्या गौरीला? आगं बया! कवा?"

खिडकीतल्या बाई थंडपणे म्हणाल्या, "काढलं तिला यादीतून. तशीही संशोधनात आम्ही मुलांची नावं देत नाही."

"माझ्या पोटातच ऱ्हाईल हां," म्हणत मंगलकाकू मोबाईल घेऊन बाहेर गेल्या.

आम्ही स्टँडवर पोचतोय तोवर सासूबाईंचा फोन. "आगं, गल्लीत म्हणत्यात गौरीला ॲडमिट केलंय! खरं का?"

मी तोंड उघडायच्या आतच आक्कांनी फोन काढून घेतला.

"आवं आत्या, गौरीला कायबी झालं न्हाई, ती शाळंत हाय. ह्या धाकटीला कुठं दाखवावं, तेवढं बघतीया."