वैष्णवीचं फुगलेलं पोट

सोनोग्राफीत बाळ नव्हतं. मी प्रोब पोटावरून पुन्हा एकदा फिरवला, कारण वैष्णवीची सासू स्क्रीनकडे डोळे लावून बसली होती आणि नुसतं 'नाही' म्हणून तिचं समाधान होणार नव्हतं. गर्भपिशवी रिकामी, बाकी सगळीकडे गॅस. गॅस असला की स्क्रीनवर धुकं पडल्यासारखं दिसतं, पलीकडचं धड कळत नाही. लघवीची तपासणीही आधीच निगेटिव्ह आली होती.

मी परभणीत स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इतकी वर्षं झाली, पण अजून कुणी नुसता त्रास सांगायला आलंय असं क्वचितच होतं. निदान घरीच ठरवून येतात. मी फक्त शिक्का मारायचा.

वैष्णवी पेडगावची सून. उन्हाळ्यात लग्न झालेलं. नवरा पुण्याला कंपनीत, तिथे खोली मिळेपर्यंत ही सासरी. पाळी लांबली, पोट वर आलं, जेवण नको म्हणायला लागली. एवढ्यावरून सासूने, सत्यभामाबाईंनी, दिवस गेल्याचं ठरवलं आणि साऱ्या भावकीत सांगूनही टाकलं. मग सुरू झाले डिंकाचे लाडू. जोडीला कुठून तरी आणलेल्या रक्तवाढीच्या गोळ्या. आता या गोळ्या म्हणजे लोह. गरोदर बाईला त्या लागतातच, पण त्यांनी शौच घट्ट होतं. म्हणजे पोरीला जो त्रास होता, तोच या माउलीने हौसेने वाढवून ठेवला होता.

"मग हिच्या पोटात हाय काय?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

मी सांगितलं, गॅस आणि साचलेलं शौच. डाव्या बाजूला खाली हात लावला तर वाळल्या ढेकळांसारखं लागत होतं. बाईंना ते पटेना. नुसत्या त्याच्याने एवढं पोट येतं होय? काही तरी गाठ असणार. मग त्या जे बोलल्या ते मात्र अगदी शांतपणे बोलल्या.

"मायबापानं आजारी पोरगी आमच्या गळ्यात मारली. हिला माहेरी धाडून देतो. बरी झाली की बघू."

हा 'बघू' मला चांगला माहीत आहे. अशा माहेरी धाडलेल्या पोरी मी पाहिल्या आहेत. काहींना न्यायला कुणी आलंच नाही. वैष्णवी टेबलावर पडून हे सगळं ऐकत होती. पदर पोटावर ओढून घेत होती आणि डोळ्यांतलं पाणी कानाकडे वाहत होतं. मला रागही आला आणि कंटाळाही आला. त्या दिवशी बाहेर अजून बाकंभर पेशंट बसले होते.

सत्यभामाबाईंना बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं. आधी धोक्याच्या गोष्टी विचारल्या. शौचातून रक्त जातं का, उलट्या होतात का, वजन उतरलंय का, दुखण्याने झोपमोड होते का. यातलं काही असतं तर मी पुढच्या तपासण्यांना लागले असते. नव्हतं. थायरॉईडने पाळीही लांबते आणि पोटही जड होतं, म्हणून तेवढं रक्त काढायला सांगितलं. मग विचारलं, माहेरी असताना कसं होतं? रोज सकाळी चहा झाला की, कॉलेजला निघायच्या आधी, असं ती म्हणाली. आणि आता?

तिने मान भिंतीकडे वळवली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, संडासच्या समोरच मामांची बैठक असते."

मामा म्हणजे सासरे, माणिकराव. पाण्याची सोय पुढे होती म्हणून संडास पुढच्या अंगणात बांधलेला, दार थेट ओट्याकडे. ओट्यावर चहापासून जेवणापर्यंत माणिकराव आणि गावातली चार माणसं. संध्याकाळी पुन्हा तेच. नव्या सुनेने हौदावर बादली भरायची आणि सगळ्यांच्या समोरून जायचं. सासू अंधार असतानाच उरकून घेते, हिलाही तेच सांगितलेलं. पण पोट काही हुकमावर चालत नाही. म्हणून हिने पाणी तोडलं, जेवण तोडलं. कळ आली की दाबून धरायची.

आता यात शास्त्र एवढंच आहे. काही पोटात गेलं की आतडी हलायला लागतात, म्हणून बहुतेकांना सकाळच्या चहानंतर कळ येते. ती रोज दाबली की आतडं कळ द्यायचंच सोडून देतं. साचलेल्यातलं पाणी शोषलं जातं, ते कडक होतं, मागे गॅस कोंडतो आणि पोट फुगतं. मळमळते, भूक मरते. खाणं तुटलं आणि जीव धास्तावला की पाळीही पुढे जाते. ही दुखणी तरण्या पोरींत फार, आणि त्या मरमर सोसतील पण बोलणार नाहीत.

सिस्टरांना एनिमा द्यायला सांगितलं. पोट साफ होण्याचं पातळ औषध लिहिलं, लोहाच्या गोळ्या आणि लाडू बंद केले. भरपूर पाणी, पेरू, भाजी सांगितली. पण खरं औषध माझ्या पॅडवर लिहिता येण्यासारखं नव्हतं. म्हणून बाहेर थांबलेल्या माणिकरावांना आत बोलावलं. ते दारातच थांबले. बायकांचं काय असेल ते तिलाच सांगा, म्हणाले. मी म्हटलं, तुमच्याशीच काम आहे, बसा.

"ओट्यावर बसलं की समोर काय दिसतं?"

"रस्ता दिसतो. अन् ते आपलं, संडास."

"सुनेला तिथं जाताना कधी बघितलंय?"

"कधीच न्हाई," ते ताठ होऊन म्हणाले. "लय घरंदाज पोरगी हाय."

"मग ती जाते कधी, माणिकराव?"

माणिकराव उठले, बाहेर गेले आणि बायकोला म्हणाले, "माहेरी-बिहेरी काही न्हाई. पोरीला घेऊन घरी चला."

पुढच्या तपासणीला सासू-सून आल्या तेव्हा वैष्णवीचं पोट सपाट होतं. थायरॉईड नॉर्मल, पाळीही आली होती. माणिकरावांनी गवंडी लावून संडासचं दार मागच्या बाजूला फिरवलं होतं. गावात मात्र सांगितलं, वास्तूत दोष निघाला. ते ऐकून आणखी दोन घरांनी दारं फिरवली म्हणे. मी म्हटलं, फिरवू द्या.

वैष्णवी औषधं आणायला खाली गेली तरी सत्यभामाबाई उठेनात. पदराशी चाळा करत बसल्या.

"डॉक्टरबाई, मला बी तेच लिहून द्या. नवी सून हुते तवापासून अंधारातच जायलेय. आता दार फिरलं, पण पोटच ऐकंना झालंय."

मी त्यांना तपासलं आणि लिहून दिलं. तेव्हापासून पोट फुगलेली पोरगी आली की आधी घरातला संडास कुठे आहे ते विचारते. पुस्तकात हा प्रश्न नाही, पण औषधांचा खर्च वाचतो. सुनेचं औषध कधीच बंद झालं. सासूचं अजून चालू आहे.