चाळिसावा पाठ

तो मंगळवार होता. मी कॉलेजात मुलींचे चार्ट तपासत बसले होते. एका चार्टवरचा डिंक अजून ओला होता, म्हणून तो दोन बोटांत धरला होता. तेवढ्यात प्राचार्य स्वतः दारात आले.

"मॅडम, चरोद्याच्या शाळेतून फोन होता. सर वर्गातच, बसल्या जागी..."

मी विचारलं, "पाठ झाला का?"

नवरा गेल्याचं कळल्यावर बाईचा पहिला प्रश्न हा! प्राचार्यांचा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो.

आम्ही दोघंही भिलाईच्या एका बी.एड. कॉलेजात शिकवायचो. शिक्षक होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला आसपासच्या शाळांत चाळीस पाठ द्यावे लागतात. सर शेवटच्या बाकावर बसायचे, त्या विद्यार्थ्याच्या पाठाच्या वहीत वेळ घालून शेरे लिहायचे आणि मार्क द्यायचे. त्या दिवशी रेल्वे कॉलनीतल्या संध्याचा चाळिसावा पाठ होता. त्याचे मार्क राहिले, आणि ते भरल्याशिवाय तिला परीक्षेला बसता येणार नाही. प्राचार्य म्हणाले, "आता तुम्हीच भरा."

पुढचे तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. जो येई तो आधी डोळे पुसे आणि मग सरांचा एक किस्सा काढी. असे किस्से गावभर साचत असतात. घरच्या माणसाला त्यांचा पत्ताच नसतो!

*

तिसऱ्या दिवशी ठवरे आले. सरांचे जुने विद्यार्थी, आज जामुलला हेडमास्तर आहेत. बी.एड.ला असताना त्यांचा पाठ होता ज्वालामुखीवर. त्यांनी मातीचा डोंगर केला आणि आत फटाक्यांची दारू भरली.

"थोडी जास्त झाली, मॅडम," ठवरे म्हणाले. "असा फुटला, का पोट्टे खिडकीतून बाहेर! मीबी बाहेर! मले वाटलं, गेली आपली डिग्री."

धूर निवळल्यावर त्यांनी दारातून डोकावलं. सर शेवटच्या बाकावर एकटेच बसले होते, शर्टावर माती.

"सर म्हणाले, 'आत ये. मी अजून उठलो कुठं? मी उठेपर्यंत पाठ चालू असतो.'"

वहीत शेरा होता: "विषय मुलांपर्यंत पोचला."

सगळे हसले. मीही हसले, आणि माझी मीच दचकले. नागपूरहून आलेल्या नणंदबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "सुतकात हसून राहिले बाप्पा हे लोक!"

*

कुसुमताई अडतिसाव्या वर्षी बी.एड.ला आल्या. यजमान रेल्वेत गार्ड. त्यांना पाठासाठी मिळाला सहावीचा वर्ग, आणि त्यात पहिल्याच बाकावर त्यांचा स्वतःचा मुलगा!

विषय होता आरोग्याच्या सवयी. कुसुमताईंनी छान सांगितलं, की जेवताना घाई करू नये, प्रत्येक घास चावून खावा. मुलगा ताडकन उभा राहिला.

"आई, घरी तं तू म्हणते, लवकर गिळ, भांडे घासाचे आहेत!"

वर्ग कोसळला. कुसुमताई रडकुंडीला आल्या. सरांनी शेरा लिहिला: "पाठ उत्तम. गृहपाठ कच्चा."

त्याच कुसुमताई त्या वर्षी कॉलेजात पहिल्या आल्या. हा किस्सा त्यांनी मला स्वतः सांगितला. पदराने नाक पुसत म्हणाल्या, "वही अजून जपून ठेवली आहे. यजमानांना मात्र दाखवली नाही."

*

कॉलेजात अभिनंदनाचा एक फळा आहे. कोणाला नोकरी लागली, कोणी पहिला आला, कोणत्या प्राध्यापकांना पीएच.डी. मिळाली, ते त्यावर लिहितात. आमच्या ह्यांचं नाव त्यावर एकदाच आलं.

आदर्श पाठ कसा असतो हे दाखवायला सर हथखोजच्या शाळेत गेले. मागे सगळे विद्यार्थी वह्या उघडून बसलेले. दहा मिनिटांत अर्धी चौथी पेंगायला लागली. एका चिमुरडीला आपल्या रोजच्या बाई आठवल्या, ती उठून म्हणाली, "सर, हमारी बहनजी कब आएँगी?"

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सरांच्याच अक्षरात मजकूर होता: "आदर्श पाठ: मी. शंभरपैकी अडतीस. अभिनंदन नको."

ही मी तिथे लागण्याआधीची गोष्ट, शिपायाने आत्ता सांगितली. बारा वर्षं मी त्या फळ्यासमोरून जाते आहे. ह्यांनी घरी कधी एका शब्दाने सांगितलं नाही!

*

चौदाव्या दिवशी संध्या आली. खुर्चीच्या कडेवर बसली. वही तिनेच माझ्या हातात दिली.

तिचा विषय होता आपल्या मध्य प्रदेशातल्या नद्या. अकरा दहाला पाठ सुरू झाला. पहिला शेरा: "११.१२. नकाशा सरळ लावा." दुसरा: "११.२५. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो." त्याखाली कोरं.

"पावणेबाराला घंटा झाली," संध्या म्हणाली. "सर मान खाली घालून होते. मले वाटलं, लिहून राहिले. ते उठल्याबिगर थांबू कशी? नर्मदा झाली, शिवनाथ झाली, महानदी झाली. मग गोदावरी घेतली. मग गंगा. पोरंबी चूप बसून होते."

साडेबाराला शाळेच्या मोठ्या बाई वर्गात आल्या. "अगं, घंटा होऊन किती वेळ झाला! सोड की मुलांना."

संध्या म्हणाली, "सर उठले नाही अजून."

नणंदबाईंनी तिच्यापुढे चहा ठेवला, तिने तो घेतला नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"मी ब्रह्मपुत्रेपर्यंत शिकवलं, मॅडम. सर कुठपर्यंत होते?"

*

विद्यापीठाची यादी उद्या सकाळी जाणार आहे. संध्याच्या नावापुढचा रकाना मी अजून भरलेला नाही. तो भरला, की पाठ संपतो.