होस्टेलची यादी आणि बाबांचं जाळं

आमची दमणी (बसायची हलकी बैलगाडी) आसेगावच्या शिवेबाहेर पडली तेव्हा सूर्य नुकताच वर येत होता, आणि अर्धं गाव अजून आमच्या मागून चालत होतं. कारण ना लग्नाचं होतं, ना जत्रेचं. मी मॅट्रिक झालो होतो, अमरावतीच्या कॉलेजात माझं नाव लागलं होतं आणि आम्ही वाशिमला होस्टेलचं सामान घ्यायला चाललो होतो. गावातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे माझी ट्रंक हिरवी असावी की निळी, यावरून गावात दोन तट पडले होते.

पुढे बाबा कासरा धरून बसले होते, मागे माय आणि मी. आमच्या दोघांच्या मधे घरच्या चरकीवर सरकी काढलेल्या कापसाचं एवढं मोठं गाठोडं होतं की मला मायचं नुसतं कपाळ दिसायचं. वाशिमात कापूस मिळत नव्हता असं नाही, पण बाबांना ते मुळीच पटत नव्हतं. "शिवारभर कापूस आपला, अन् पोट्टा इकतच्या कापसावर झोपल? लोक काय म्हनतीन?"

माझ्या कोटाच्या खिशात होस्टेलचं इंग्रजी पत्र होतं. त्यात यादी होती : ट्रंक, गादी, दोन चादरी, कंदील, ताट-वाटी-तांब्या आणि मच्छरदाणी. खालची एक ओळ मास्तरांनी आम्हाला दोनदा वाचून दाखवली होती. यादीतली एक जरी वस्तू कमी असली तरी खोली मिळणार नाही. तिथे हिवतापाने पोरं आजारी पडायची म्हणून मच्छरदाणीखाली लाल रेघही ओढलेली होती. होस्टेल उघडायला चार दिवस उरले होते आणि शेतात डवरणी (कोळपणी) सुरू झाली होती, म्हणजे बैलजोडी पुन्हा बाजारासाठी सुटणार नव्हती. जे मिळवायचं ते याच फेरीत मिळवायचं होतं.

मच्छरदाणीची मात्र कुणालाच काळजी नव्हती, कारण ती तयार होती. आमच्याकडे ती वस्तू कुणी पाहिलेली नव्हती. डास फार झाले की आम्ही कडुनिंबाचा पाला धुपवायचो. मास्तरांनी सांगितलं होतं की खाटेवर जाळं टांगतात, त्यातून डास आत येत नाही. मास्तरांनीही बहुधा ती पाहिली नसावी. बाबा लगेच म्हणाले, "जाळं ना? मंग इकत कायले घ्याचं?" बैलांच्या तोंडाच्या मुसक्या, कुटाराच्या (भुशाच्या) गाडीवरची जाळी, सगळं बाबांच्या हातचं असायचं. आठ दिवस ओट्यावर बसून त्यांनी सुतळीचं जाळं विणलं, नेहमीपेक्षा पुष्कळच बारीक, बोराएवढ्या डोळ्यांचं. मला काही शंका आली का? खरं सांगतो, नाही आली. गणितात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मला डास आणि बोर यांचा हिशेब काही सुचला नाही.

दोन कोसांवर एका नाल्यात चाक रुतलं. काळी माती एकदा धरली की सोडत नाही. शेजारच्या वावरातला एक म्हातारा डवरा सोडून आला आणि त्याने चाकाला खांदा लावला.

"कुठं जाऊन राह्यले पाटील, इतलं सामान घेऊन?"

"पोराचं सामान आनाले, वाशिमले."

"लगन हाय काय?"

"नाही, कॉलेजात जाऊन राह्यला तो."

म्हाताऱ्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "जाऊ द्या, लगन काय, नंतरही व्हते," असं माझंच सांत्वन करून तो पुन्हा कामाला लागला.

दुपारी एका विहिरीजवळ आंब्याखाली बसून आम्ही भाकर, जवसाची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा खाल्ला. चार-पाच दिवस पावसाने उघाड दिली होती. कपाशी जेमतेम दोन पानांवर आली होती आणि दूरवर काळ्या रानात हिरव्या रेघा ओढल्यासारख्या दिसत होत्या. माय म्हणाली, अमरावतीत असं रान दिसणार नाही, आत्ताच पाहून घे. मी भाकर खाण्यात गुंतलो होतो. आता वाटतं, नीट पाहायला हवं होतं.

दिवस कलताना बालाजीच्या देवळाचा कळस दिसला. मायने गाडीतूनच हात जोडले. रात्र धर्मशाळेत काढून सकाळी आम्ही बाजारात शिरलो.

ट्रंकांच्या दुकानात बाबांनी पहिल्यांदा एका निळ्या ट्रंकेवर थापा मारल्या, मग झाकण उघडून आत पाहिलं, अगदी बैलाचे दात पाहावेत तसं. पसंत पडल्यावर त्यांनी खांद्यावरचा शेला हातावर टाकला आणि हात शेटजींपुढे केला. गुरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, कापडाखाली बोटं धरून सांगतात. बाबांनी आयुष्यातली मोठी खरेदी तशीच केलेली होती. माझे कान तापले. पण शेटजी मुरलेला माणूस. त्याने शांतपणे शेल्याखाली हात घातला, दोघांची बोटं बराच वेळ झुंजली आणि सौदा पटला. "पाटील, आता हिले वेसन घालाची काय?" शेटजीने विचारलं, तेव्हा बाबासुद्धा खो खो हसले.

भांड्यांच्या दुकानात मायने प्रत्येक तांब्या कानाशी धरून टिचकी मारून ऐकला. सोळावा पसंत पडला. कंदील झाला, चादरी झाल्या. यादीवर माझ्या खुणा पडत गेल्या. खरोखरच जाणार आता आपण!

मग पिंजारी करीमचाचाकडे आलो. त्याची धनुकली टणटण वाजू लागली आणि आमचा कापूस ढगासारखा फुगत गेला. बाबा खुशीत होते. त्यांनी दमणीतून जाळं आणून चाचाला दाखवलं. "पाहा चाचा, मच्छरदाणी. घरची."

चाचाने जाळं हातात घेतलं, त्याच्या चार डोळ्यांतून आपली चार बोटं आरपार घातली आणि हळूच म्हणाला, "पाटीलसाब, रेल्वेच्या डॉक्टरकडं गादी द्याले गेलतो तवा म्या मच्छरदाणी पाह्यली. ते कपडा असते. तिळाचा दाना जात नाही त्याच्यातून."

बाबांनी जाळ्याची घडी केली, त्या घडीची आणखी एक घडी केली आणि ते दमणीत बसायच्या जागेखाली सारलं. मला एकदम दोन गोष्टींचं वाईट वाटलं : कॉलेज हातचं जातं की काय याचं, आणि बाबांच्या चेहऱ्याचं. कशाचं जास्त, ते तेव्हा मी स्वतःलाही विचारलं नाही.

कापडाची चार दुकानं पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर मिळालं : अकोल्याहून मागवू, आठ दिवस लागतील. आठ दिवस! मी रडकुंडीला आलो होतो, आणि माय एका हलवायाच्या दुकानासमोर खिळून उभी राहिली.

"माय, आता पेढे कायले?"

"पेढे कोन पाहून राह्यलं? त्याच्यावरचा कपडा पाह्य."

माशा बसू नयेत म्हणून पेढ्यांच्या परातीवर बारीक जाळीचं पांढरं कापड घातलेलं होतं. मायने शेजारच्या वाण्याकडून मूठभर तीळ आणले आणि हलवाई "अवो बाई, अवो बाई" करतो तोच त्या कापडावर ओतून गदागदा हलवले. एक दाणा खाली पडला असता तर माझं कॉलेज तिथंच संपलं असतं. आम्ही तिघं आणि हलवाई परातीवर वाकलो. पेढ्यांवर एकही तीळ नव्हता. हलवायालाच आमच्यापेक्षा जास्त आनंद झाला आणि त्याने प्रत्येकाच्या हातावर एकेक पेढा ठेवला. कापड कुठून आणलं तेही सांगितलं, बाजाराच्या टोकाला बोहऱ्याच्या दुकानातून.

शिंप्याने जन्मात मच्छरदाणी शिवली नव्हती. त्याने मला दुकानातच सतरंजीवर आडवं पाडलं आणि माझ्या चारी बाजूंनी टेप लावला. बाहेर माणसं जमली. "काय झालं पोराले?" एकीने कळवळून विचारलं. मायने तिला झोकात सांगितलं, "कॉलेजात जाऊन राह्यला तो."

मच्छरदाणी घेऊन आम्ही परत आलो, तर चाचा कपाळाला हात लावून बसला होता. निम्माच कापूस पुरे, असं त्याने सांगून पाहिलं होतं, पण जाताना बाबा सगळा भरायला बजावून गेले होते. "पाटीलसाब, याच्यावर पोरगा झोपनार का हत्ती?" गादीची वळकटी होईना. दोरी बांधली की सुटायची. माय आणि मी वर बसलो, तर गादीने आम्हालाच भिरकावून दिलं. ही अशी आगगाडीत कशी चढवणार?

बाबा दमणीकडे गेले आणि जाळं घेऊन आले. जमिनीवर पसरलं, गादी त्यावर ढकलली, चारही टोकं वर घेतली, गुडघा रोवला आणि कडेची दोरी ओढून गाठ मारली. ती अवाढव्य गादी गपकन आवळली गेली. कुटाराची गाडी आवळणाऱ्या हाताला गादीचं काय!

"झकास!" चाचा ओरडला. "पाटीलसाब, असं जाळं डॉक्टरकडंही नाही!"

बाबा एवढंच म्हणाले, "बांधाच्याच कामाचं हाय ते." पण परतीच्या वाटेवर ते गावच्या शिवेपर्यंत गुणगुणत होते, आणि बाबांना गाता येतं हे मला तेव्हा कळलं.

होस्टेलच्या साहेबांनी यादीवर शेवटची खूण केली आणि मला खोली मिळाली. पोरांनी जाळ्याची थट्टा केली, मीही त्यांच्यात हसलो. पण पहिले तीन दिवस मी ती गाठ सोडली नाही. एकदा सोडली तर तशी पुन्हा मारता येणार नव्हती. मच्छरदाणी टांगून, खाटेच्या नुसत्या फळ्यांवर, गादीला टेकून झोपलो.

उन्हाळ्याच्या सुटीत गादी परत आणली तेव्हा गाठ माझी होती. वाटेत तीनदा सुटली. बाबांनी दमणीतून गादी उतरवली, गाठीकडे पाहिलं आणि विचारलं, "वर्षभर हे नाही शिकवलं काय रे तिथं?"

"नाही, बाबा."

"मंग बस इथं," ते म्हणाले, आणि हातपाय धुवायच्या आधी ओट्यावर बसवून त्यांनी मला ती गाठ शिकवली.