दिगंबर आणि पोलादातले कण

"सर, दिगंबर सर गेले," भवानी पेठेत एका विद्यार्थ्यानं मला थांबवून सांगितलं. मनात पहिलं आलं ते हे, की याला माझ्या आधी कसं कळलं? दुःख मागून आलं... महिना झाला, तरी दुःख कुठं संपतं आणि हेवा कुठं सुरू होतो, हे मला सांगता येत नाही.

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास आम्ही दोघं सोलापूरच्या एका कॉलेजात धातुशास्त्र शिकवायला लागलो. तो जवळच्या वळसंग गावचा, मी शहरातलाच. पोलाद गुळगुळीत घासून त्याला अ‍ॅसिड लावलं की मायक्रोस्कोपखाली त्याचे कण दिसतात, बांधांनी वेगळ्या झालेल्या वावरांसारखे. कणांच्या आकारावरून सळई किती ताण सोसेल आणि तुटण्याआधी किती लांबेल, हे आधीच सांगणारं गणित मांडायचा दिगंबरला नाद लागला. मीही आकडेमोडीची स्लाइड रूल घेऊन त्याच्या शेजारी बसू लागलो. खरं तर मला ते त्याच्याआधी जमवायचं होतं.

एकाच पोलादाच्या सळया आम्ही भट्टीत कमीजास्त वेळ तापवल्या, म्हणजे कण लहानमोठे होतील. सगळ्यात बारीक कणांच्या सळईबद्दल मी वर्गासमोर ठामपणे सांगितलं, "ही जोर जास्त सोसेल, पण न लांबता कट्कन तुटेल." दिगंबर म्हणाला, "जोर सोसंल, आन् लांबूनच तुटंल. बघा की." मशीननं ताण द्यायला सुरुवात केली. सळई लांबत गेली, मधोमध बारीक होत गेली... आणि त्यानं गणितानं काढलेल्या आकड्याजवळ येऊन तुटली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तो म्हणाला, "गणित ह्या सरांचंबी हाय की." वाटा त्यानं इतक्या सहज दिला, की घेताना मला ती भीक वाटली.

पुण्याच्या परिषदेत आमचा शोधनिबंध वाचला तेव्हा त्यानं माझं नाव स्वतःच्या आधी घातलं. प्रश्न मात्र सगळ्यांनी त्यालाच विचारले. परतताना गाडी केम स्टेशनला थांबली, तेव्हा चहाचा कप माझ्या हातात देत तो म्हणाला, "गप का रं? माझा हेवा वाटतोय व्हय?"

"न्हाय," मी त्याच्याच बोलीत फटकन म्हणालो.

"वाटू दे की. त्यापायी तू रोज लॅबमधे येतोस. मला एकट्याला तितं लई कंटाळा येतो."

परवा लॅबमधे गेलो. मायक्रोस्कोपपुढचं स्टूल रिकामं होतं आणि पोरं बाजूला उभी राहून, वाकून बघत होती.

"बसा की रे," मी म्हटलं.

"नको सर," एक मुलगी म्हणाली, "ते सरांचं हाय."

माझंही स्टूल आहे त्या खोलीत, तितक्याच वर्षांचं. त्यावर एक मुलगा निवांत बसला होता. मला बघून तो गडबडीनं उठला. मी त्याला हातानंच 'बस' म्हटलं... आणि उभ्याउभ्याच, वाकून, भिंगाला डोळा लावला.