आग्नेटचा निळा कप

आग्नेटचा निळा कप मी फोडला. खोलीत साक्षीला फक्त मांजर होतं. आळ त्याच्यावर ढकलावा असं क्षणभर वाटलं, पण ते माझ्यापेक्षा जपून चालतं हे साऱ्या गावाला ठाऊक आहे.

आग्नेट राउनकिल्ड आमच्या फियोर्डच्या, म्हणजे डोंगरांतल्या चिंचोळ्या खाडीच्या, काठची चित्रकार. जाताना तिने घर, स्टुडिओ आणि चित्रं एका न्यासाच्या नावे केली. दर महिन्याला कुठलाही एक चित्रकार येतो, फुकट राहतो, रंगवतो. न्यासपत्रात तिने स्वतःच्या हाताने लिहिलंय, ‘घरातली प्रत्येक वस्तू वापरावी. फुटली की टाकावी.’ पाच विश्वस्तांपैकी मी एक. शाळेत चित्रकला शिकवायचो आणि मला नाही म्हणता येत नाही, एवढीच माझी पात्रता.

घर सांभाळते थूरा. एकतीस वर्षं बंदरावर हेरिंग मासे साफ केलेली बाई. तिने कपाचे तुकडे सुपलीत भरले.

“तीन उरलेत,” म्हणाली. “रडू नकोस, सर्दी होईल.”

पण आमच्या अध्यक्षांना, प्रेबेनला, निमित्त मिळालं. त्याचं म्हणणं, चित्रकार बंद करायचे, वस्तू काचेत ठेवायच्या, दाराला दोरी बांधून तिकीट लावायचं. बैठक स्टुडिओतच, रंगांनी बरबटलेल्या टेबलाभोवती. थूरा विश्वस्त नाही, पण कॉफी तिच्या हातात, तेव्हा तिला अडवणार कोण? उरलेल्या तिनांतला एक कप तिने मुद्दाम प्रेबेनपुढे ठेवला. दुसऱ्याचं तान्हं पोर धरावं तसा त्याने तो दोन्ही हातांनी धरला.

“पी की.”

“थूरा, हा ठेवा आहे.”

“ती त्यात ब्रश धुवायची. तुला कॉफी तरी मिळालीय.”

मग तिने न्यासपत्रातलं ते वाक्य मोठ्याने वाचलं. “यातला कुठला शब्द अवघड आहे?”

“काळ बदललाय, बाई.”

“काळ बदलला असेल. आग्नेट कशी बदलेल? ती मेलीय.”

मतदान झालं. तीन विरुद्ध दोन, घर पाहुण्या चित्रकारांना बंद. तिसरा हात माझा. कप फोडणाऱ्याने कुठल्या तोंडाने विरोध करावा, असं तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी समजूत घालायला गेलो, तर अंगणातल्या काठीवर झेंडा चढलेला. नवा चित्रकार यायचा असला की थूरा झेंडा लावते. माडीवर ती गादीवर चादर ताणत होती. दुपारच्या बसने लिथुआनियाची एक मुलगी यायची होती.

“थूरा, ठराव झालाय.”

“ऐकलं.”

“प्रेबेन कुलूप लावेल.”

“लावू दे. आत माणसं असतील.”

“वकील आणेल.”

“वाचता येणारा आण म्हणावं.”

मी दारातच घुटमळलो. “मी त्याच्या बाजूने हात वर केला. रागावलीस?”

तिने उशी माझ्या अंगावर फेकली.

“हात चालतात ना, मग अभ्रा चढव.”