वेन्झेलला केलेला हात

एक्केचाळीस वर्षं रोसविताने मिल्टेनबर्ग गाव पाहिलं ते दुर्बिणीतून. नवरा हार्टमुट किसलिंग मालबोटीच्या सुकाणूवर, ती दोरखंडांवर आणि चुलीवर, आणि बोटीच्या पोटात हजार टन खडी. तिथे माइन नदीच्या काठी एका बेकरीबाहेर लोक आलुबुखारचा केक खात बसलेले असायचे. ही दोर गुंडाळता गुंडाळता त्यांचे घास मोजायची. ज्यांच्या खडीवर अख्खं गाव उभं राहिलं, त्यांना त्या गावात पाय टेकायला सवड नाही. वा रे न्याय!

निवृत्तीनंतर तिने हट्टाने नदीसफरीची दोन तिकिटं काढली.

"सोफ्यावर? मी?" हार्टमुट भडकला. पांढऱ्या प्रवासी बोटींना मालबोटवाले सोफा म्हणायचे. त्यावरचे लोक हौसेने हात हलवायचे, आणि मालबोटवाला मेला तरी उलट हात करायचा नाही. तो अलिखित कायदाच होता.

"गाडीने जाऊ ना केक खायला," तो म्हणाला.

"गाडीने नको. मला पाण्यावरूनच उतरायचंय. समोरून."

तिसऱ्या दिवशी मिल्टेनबर्गच्या अलीकडच्या लॉकपाशी, पाणी भरून-सोडून एकेक बोट वर-खाली करणाऱ्या फाटकापाशी, बोट थांबली. पुढे एक मालबोट उभी. आपण उशिरा पोचलोय, पहिला मान तिचा. तिच्यामागे थांबण्यातच वेळ जाणार, त्यामुळे मिल्टेनबर्गचा मुक्काम रद्द, असं कप्तानाने जाहीर केलं.

रोसविताने चमचा खाली ठेवला. थंडीत दोरांनी तळहात फाटले तेव्हाही न रडलेल्या त्या बाईने आता टेबलावरचा पांढरा रुमाल डोळ्यांना लावला.

हार्टमुटने खिडकीतून पुढच्या बोटीचं नाव वाचलं. "अरे देवा, ही तर आपल्या जुन्या सोबत्याची, वेन्झेलची बोट!" तो तडक कप्तानाच्या खोलीत शिरला. रोसविता मागोमाग.

"किसलिंगसाहेब, इथे प्रवाशांना परवानगी नाही..." कप्तान म्हणाला.

"प्रवासी कुणाला म्हणतोस रे?" त्याने वायरलेस ओढून घेतला. "वेन्झेल, मी हार्टमुट. तुझ्या मागच्या बोटीतून बोलतोय."

पलीकडून असं गडगडाटी हसू आलं, की तरुण कप्तानही दचकला. "सोफ्यावर? तू? उशी मऊ आहे ना रे, म्हाताऱ्या?"

हार्टमुटचे कान लाल झाले. "मऊ आहे. ऐक, आम्हाला पुढे जाऊ दे. रोसीला मिल्टेनबर्गला केक खायचाय."

"रोसीला? मग आधीच सांगायचंस की! जा. पण एका अटीवर. माझ्या बाजूने जाताना गच्चीवर उभं राहून मला हात करायचा. रुमाल घेऊन. सोफेवाल्यांसारखा!"

"वेन्झेल, डुकरा!"

"अट मान्य आहे की नाही?"

हार्टमुटने बायकोकडे पाहिलं. तिने हातातला तो पांढरा रुमाल पुढे केला.

मग ऐंशी प्रवाशांच्या देखत तो गच्चीवर ताठ उभा राहिला, दात-ओठ खात, आणि रुमाल फडकवला. वेन्झेलने भोंगा वाजवून नदी दणाणून सोडली. रोसविता इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला.

तासाभराने ती बेकरीबाहेर बसली. केक तिला वाटला होता त्यापेक्षा आंबट निघाला. तिने दुसराही मागवला.

इतक्यात वेन्झेलची बोट आली. त्याची दुर्बीण थेट हिच्या बशीवर! रोसविताने बशी उंच धरली. आणि वेन्झेलने, अख्ख्या माइनच्या साक्षीने, सोफेवाल्या बाईला उलट हात केला.

"मोडला कायदा," हार्टमुट पुटपुटला, आणि तिच्या बशीतला तुकडा उचलला.